छत्तीस की चव्वेचाळीस

“चव्वेचाळीस? पॉइंट चव्वेचाळीस का लिहिलंस तू?”

“कारण तेच बरोबर आहे.”

“कुणासाठी बरोबर?”

“सगळ्यांसाठी. तीन आठवडे वाचलंय मी, सुनेत्रा. एक्सेल केलंय. चव्वेचाळीसला एक्याऐंशी मार्क, छत्तीसला अडुसष्ट. अचूकता, मेंटेनन्स, रीसेल—”

“रीसेल! अजून घेतलंही नाही आणि हा विकायला निघाला. आणि हाताला किती मार्क दिलेस?”

“कुठल्या हाताला?”

“या. ज्यात ते धरायचंय.”

परीक्षितने बायकोच्या हाताकडे पाहिलं. लहानसा हात, नखं कापलेली, अंगठ्याला हॉस्पिटलच्या साबणाने पडलेल्या भेगा. मग त्याने लॅपटॉपकडे पाहिलं.

“हाताचा कॉलम नव्हता,” तो म्हणाला.

मार्चमधला मंगळवार होता, साल दोन हजार सहा. साउथहॅम्प्टनच्या शर्ली भागातल्या देवपुजाऱ्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते, आणि शेजारी आमटी गार होत होती. सुनेत्रा देवपुजारी, वय सेहेचाळीस, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. तिला रिव्हॉल्व्हर घ्यायचं होतं. त्यासाठी पोलिसांच्या परवाना विभागाकडे अर्ज गेला होता, आणि गुरुवारी चौकशीला तिथला माणूस घरी येणार होता. म्हणून परीक्षितने अर्जाची झेरॉक्स काढून तिच्यापुढे ठेवली होती. “एकदा नजर टाक, विचारलं तर गडबड नको.” नजर टाकायला घेतली आणि पहिल्याच पानावर ठिणगी पडली.

तिथल्या मराठी मंडळातल्या कुणी ऐकलं असतं तर आधी हसलं असतं आणि मग घाबरलं असतं. इंग्लंडात पिस्तुलं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. पण जुन्या धाटणीची, पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची रिव्हॉल्व्हरं लक्ष्यावर मारण्यापुरती चालत. तीही परवाना काढून, नेमबाजी क्लबच्या आवारात, घरी कुलपात ठेवून. परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असतं, म्हणजे नळीचं माप. इंचाचे छत्तीस शतांश की चव्वेचाळीस. जे लिहिलं तेच विकत घेता येतं. बदलायचं म्हटलं तर पुन्हा अर्ज.

“क्लबमध्ये सगळ्यांकडे चव्वेचाळीस आहे,” परीक्षित म्हणाला. “तुझी लॅबमधली जिलच म्हणाली होती. गोळ्या संपल्या तर कुणाकडूनही घेता येतात.”

“मी काय लढाईला चाललेय? गोळ्या संपल्या तर घरी यायचं.”

“आणि त्याची फ्रेम वरून बंद असते. मजबूत. छत्तीसवालं वरून उघडं.”

“परीक्षित, मी दोन्ही उडवलीयत. तू एकही नाही. चव्वेचाळीसच्या तिसऱ्या गोळीला माझा डोळा मिटतो. हिसका बसणार म्हणून आधीच मिटतो. मिटलेल्या डोळ्याने मी काय मारू? तुझं एक्सेल?”

“सवय होईल.”

“तुम्हा पुण्याच्या लोकांचं हेच. दुसऱ्याला सवय होईल यावर तुमचा फार विश्वास.”

“हे बघ, नागपूरच्या लोकांनी तर बोलूच नये. तुझ्या भावाने काय सांगितलं आठवतंय ना?”

ते मात्र आठवून दोघांनाही हसू आलं. सुनेत्राचा धाकटा भाऊ अंबरीश कोलोरॅडोत राहायचा, दर रविवारी फोन करायचा. ताई रिव्हॉल्व्हर घेतेय म्हटल्यावर त्याला स्फुरण चढलं होतं.

“ताई, तू डोकं नको लावू. सरळ तीनशे सत्तावन घे. त्यात अडतीसच्या गोळ्याही चालतात. रविवारी डबे फोडायला अडतीस, ट्रेलवर कमरेला तीनशे सत्तावन. अस्वल आलं तर?”

“अरे, इथे न्यू फॉरेस्टमध्ये पोनी आहेत. पोनी! सँडविच मागतात.”

“मग तू चालायला जाताना काय घेऊन जाते?”

“थर्मास.”

“काय बोलून राहिली! काहीच नाही कमरेला?”

“अंबू, इथे कमरेला लावून मी दूध आणायला गेले ना, तर मला घ्यायला हेलिकॉप्टर येईल. आणि तुझं ते काडतुसांचं इथे मिळतच नाही. आमच्याकडे फक्त ठासणीचं.”

“ठासणीचं? शिवकालीन?”

“जवळजवळ.”

“मग अस्वलाला सांग, थांब जरा, ठासून घेते.” आणि दोन खंडांत दोघं भावंडं खो-खो हसली होती.

तर ते हसणं ओसरलं, सुनेत्राने आमटी ढवळली, गार आहे म्हणून बाजूला ठेवली आणि अर्जाचं पान उलटलं. कॅलिबरचं तो माणूस आल्यावर बोलता येईल, असं ती म्हणत होती. म्हणता म्हणता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

“परीक्षित, हा प्रश्न वाच.”

“कुठला?”

“हा. मोठ्याने वाच.”

त्याने चष्मा वर केला. “आपण कधी नैराश्य किंवा अन्य कोणत्याही मानसिक वा मज्जाविकारासाठी उपचार घेतले आहेत का? नो.”

‘नो’ त्याने इतक्या सहज म्हटलं की सुनेत्राचं बोट अजून त्याच ओळीवर आहे, हे आधी त्याच्या लक्षातच आलं नाही.

देवपुजाऱ्यांच्या घरात फॉर्म परीक्षित भरायचा. अठ्ठ्याण्णव साली आल्यापासून वर्क परमिट, व्हिसा, मुदतवाढ, कायम वास्तव्य, सगळं त्यानेच भरलं. काळ्या शाईने, कॅपिटल अक्षरांत, चौकटीबाहेर टोकही जाऊ न देता. क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीला पाठवलेल्या प्रत्येक अर्जात दोन पानं ‘आपण कधी’ची असायची. आपल्याला कधी अटक झाली आहे का? नो. आपल्याला कधी प्रवेश नाकारला आहे का? नो. आपण कधी, आपण कधी, नो, नो, नो. इतकी वर्षं तो हात त्या रकान्यातून असा घसरायचा जसा जिना उतरताना कठड्यावरून घसरतो. मग जिथे सही हवी तिथे तो पेन्सिलीने बारीक फुली मारायचा आणि सुनेत्रा त्या फुलीवर सही करायची. वाचायची नाही. हाही अर्ज तसाच भरला गेला होता, तशीच सही झाली होती.

“मी घेतलेत उपचार,” सुनेत्रा म्हणाली.

“हो, पण… ते तसलं नव्हतं.”

“मग कसलं होतं?”

“अगं, तुझी आई गेली होती. कुणालाही वाईट वाटतं.”

“आठ महिने गोळ्या खाल्ल्या मी. वाईट वाटण्याच्या गोळ्या देतं का कुणी?”

परीक्षितने लॅपटॉप बंद केला.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत नागपूरला आई आजारी पडली, तेव्हा सुनेत्राचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेलेला होता. परत मागवता येत होता. पण मागवला की अर्जच मागे घेतला असं धरतात, हा नियम. “दोन आठवड्यांत येईलच,” परीक्षित तेव्हा म्हणाला होता. “आता मागे घेतलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.” आई दहाव्या दिवशी गेली. पासपोर्ट एकोणिसाव्या दिवशी आला, रीतसर, शिक्का मारून.

सुनेत्रा कुणावर ओरडली नाही. कामावर जात राहिली. लॅबमध्ये काचपट्टीवरच्या शंभर पेशी ओळखून मोजायच्या असतात, एकेक. ती साठ-एकसष्टला पोचायची आणि पुढचा आकडा यायचाच नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एकसष्ट. शेवटी स्वतःच जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली आणि गोळ्या सुरू झाल्या. मंडळाच्या गणपतीला ती आली नाही तेव्हा परीक्षितने परस्पर सांगून टाकलं, थायरॉइड. मंडळातल्या वैजयंतीकाकूंनी थायरॉइडवरचं पथ्यही लिहून पाठवलं, कोबी वर्ज्य. वर्षभर त्या घरात कोबी आला नाही, कारण काकू कधीही टपकत.

गोळ्या सुटल्या, पण मन रिकामंच राहिलं. मग दोन हजार चारच्या ऑक्टोबरमध्ये लॅबमधली जिल तिला रविवारी विंचेस्टरच्या अलीकडे एका खडूच्या जुन्या खाणीतल्या आपल्या क्लबात घेऊन गेली. पांढऱ्या भिंती, पत्र्याची शेड, चहाचा मोठा बंब, आणि ओळीने उभे असलेले पोटवाले निवृत्त इंग्रज. जिलने आपलं रिव्हॉल्व्हर काढलं, दारूची कुपी काढली आणि प्लास्टिकचा एक डबा उघडला. सुनेत्राने आत पाहिलं.

“हे काय आहे?”

“सेमोलिना. दारू आणि गोळीच्या मधे भरतो, जागा उरू नये म्हणून.”

“जिल, हा रवा आहे.”

“काय आहे?”

“रवा! आम्ही याचा नाश्ता करतो!”

आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, शेडच्या खांबाला धरून. जिलला कळेना एवढं काय झालं. मग जिलने रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. दारू, रवा, गोळी, दट्ट्या, सहा वेळा. नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, बोट हळू. धूर, सडक्या अंड्यासारखा वास, आणि पंचवीस मीटरवर कागदाला भोकं. सुनेत्रा मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. एकही आकडा हरवला नाही.

तेव्हापासून दर रविवारी ती खाणीत जायची. बारीक रवा तीच न्यायची, गुजराती दुकानातला. क्लबातल्या लोकांचं मत होतं की असा रवा सुपरमार्केटात मिळत नाही.

हे सगळं आता त्या एका ‘नो’वर येऊन अडकलं होतं. अर्ज नाकारला गेला तर क्लबही तिच्या हातात पुन्हा बंदूक देणार नव्हता, नियमच तसा होता. खाण, शेड, रविवार, सगळं बंद.

“काही बोलू नकोस,” परीक्षित म्हणाला. “तो विचारणारही नाही. बंदुकीची पेटी बघेल, चहा पिईल, जाईल.”

“खाली काय लिहिलंय वाच. जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. आणि सही माझी आहे.”

“तेव्हा जाणूनबुजून नव्हतं!”

“आता आहे. आता मला माहितीय.”

“सुनेत्रा, सांगितलंस तर देणार नाहीत. डिप्रेशनवाल्या बाईला कोण रिव्हॉल्व्हर देईल? तूच सांग.”

‘डिप्रेशनवाली बाई’ त्या टेबलावर पहिल्यांदाच उच्चारली गेली, आणि ज्याने उच्चारली तोच कानकोंडा झाला.

“म्हणजे लोकांच्या दृष्टीने म्हणतोय मी.”

“आणि डॉक्टरांना पत्र टाकून त्यांनीच शोधून काढलं तर?”

“तर… तरी देणार नाहीत.”

“दोन्हीकडून तेच. मग निदान झोप तरी लागू दे,” असं म्हणून ती आमटी गरम करायला उठली. दोन दिवस त्या घरात मीठ दे, किल्ली कुठाय, यापलीकडे बोलणं झालं नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी परीक्षित ड्रिल घेऊन जिन्याखालच्या कपाटापाशी बराच वेळ खुडबुड करत होता. तिथे त्याने पोलादी पेटी बसवली होती, नियमाप्रमाणे. ती पुन्हा पुन्हा आवळत होता. दुसरं काही हातात नव्हतं त्याच्या.

गुरुवारी साडेअकराला घंटा वाजली. मिस्टर लँग्रिज साठीचे, उंच, पोलिसातून निवृत्त होऊन याच विभागात परत आलेले. हातात खाकी फाइल आणि गळ्यात दोरीला चष्मा.

“मिसेस देव… देव-पू…”

“देव म्हणा. चालेल.”

“आभारी आहे. तुमच्या आधी मी एका वेल्श माणसाकडे होतो. त्याच्या घराचंही नाव मला वाचता आलं नाही.”

परीक्षितने चहा आणला, चकल्या आणल्या, चिवडा आणला, पेपर नॅपकिन त्रिकोणी घडी करून आणले. लँग्रिज एक चकली हातात धरून तिचं निरीक्षण करत होते.

“मोडायची की चावायची?”

“चावायची,” सुनेत्रा म्हणाली. “मिस्टर लँग्रिज, चकली खाण्याआधी मला काही सांगायचंय. अर्जात एक उत्तर चुकीचं आहे.”



“कुठलं?”

“उपचारांबद्दलचं. तिथे नो आहे, ते येस हवं. दोन हजार एकमध्ये मी आठ महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेत होते. माझी आई भारतात वारली आणि मला जाता आलं नाही. मला काम करता येत नव्हतं. मी डॉक्टरकडे गेले. आता घेत नाही.”

एका दमात बोलली. वाक्यं आदल्या दिवशी लॅबमध्ये मनात पाठ केली होती. शेवटचं वाक्य मात्र पाठ केलेलं नव्हतं. “सही मी न वाचता केली. ती माझी चूक.”

“नाही, नाही,” परीक्षित मधेच उठला. “सर, फॉर्म मी भरला. पूर्ण फॉर्म मीच भरला. ही चूक तिची नाहीच. मला सवय आहे, आपण कधी असं विचारलं की मी—”

“सही तुमची आहे का, सर?”

“नाही.”

“मग तुम्ही किटली पुन्हा ठेवता का? साखर एक.”

परीक्षित आत गेला. किटलीचा आवाज मात्र आला नाही. तो दाराआड उभा होता, हे बाहेरच्या दोघांनाही कळत होतं.

लँग्रिजनी चष्मा नाकावर चढवला. फाइल उघडली. पान शोधलं. पेनाचं टोपण काढलं.

“शेवटची गोळी कधी?”

“जानेवारी दोन हजार दोन. सव्वीस तारखेला.”

“तारीखही आठवते?”

“मी लॅबमध्ये काम करते. प्रत्येक गोष्टीवर तारीख घालायची सवय आहे.”

“त्यानंतर पुन्हा?”

“नाही. वाईट वाटतं कधी कधी. पण मोजता येतं.”

‘मोजता येतं’ म्हणजे काय ते त्यांना कळलं नसणार. त्यांनी विचारलंही नाही. “डॉक्टर तेच?”

“तेच.”

“ठीक. मी त्यांना पत्र टाकतो, उत्तराला दोन-तीन आठवडे लागतील. त्यांचं म्हणणं तुमच्यासारखंच असेल तर माझ्याकडून अडचण नाही.” त्यांनी अर्जाची मूळ प्रत तिच्यापुढे सरकवली. “नो खोडा. येस लिहा. शेजारी आद्याक्षरं आणि आजची तारीख. तुम्हाला तारखा आवडतात म्हणालात.”

सुनेत्रा पेन हातात घेऊन बसली. “एवढंच?”

“मॅडम, माझ्या फाइलींमधल्या कितीतरी लोकांनी कधी ना कधी त्या गोळ्या घेतल्यात. शेतकरी, पाद्री, एक शाळामास्तर. मी इथे बसून विचारायच्या आत सांगितलंत, तेही लिहून ठेवतो. दुसरं काही चुकलंय का? आत्ताच सांगा, पेन उघडं आहे.”

“हो. कॅलिबर.”

आत कप आपटला.

“चव्वेचाळीस लिहिलंय. मला छत्तीस हवंय.”

“का?”

“चव्वेचाळीसला माझा डोळा मिटतो.”

लँग्रिज पहिल्यांदा हसले. “बऱ्याच जणांचा मिटतो. कबूल फार थोडे करतात. सहा महिन्यांनी बदलायचा अर्ज घेऊन येतात, म्हणतात पाठ दुखते. खोडा, लिहा छत्तीस, सही, तारीख.” मग त्यांनी चकली चावली. तिचा आवाज इतका मोठा झाला की ते स्वतःच दचकले.

इथवर आठ मिनिटं झाली होती. पुढची चाळीस मिनिटं मिस्टर लँग्रिजनी परीक्षितला फैलावर घेतलं.

“ही पेटी तुम्ही बसवलीत?”

“हो सर. चार बोल्ट. काल पुन्हा आवळले.”

लँग्रिजनी दोन्ही हातांनी पेटी धरली आणि एकदाच ओढली. बोल्ट भिंतीतून सुळकन बाहेर आले, मागोमाग पांढरा भुगा. पेटी त्यांच्या कुशीत.

“ही मी आता गाडीत घालून घरी नेऊ शकतो,” ते शांतपणे म्हणाले. “ही भिंत नाही, सर. हा पुठ्ठा आहे. विटेची भिंत कुठली?”

“पलीकडची.”

“मग तिकडे. लांब बोल्ट. आणि फोटो काढून मला पाठवा. काय काम करता तुम्ही?”

“सॉफ्टवेअर.”

“हं,” लँग्रिज म्हणाले, आणि त्या ‘हं’मध्ये बरंच काही होतं.

ते गेल्यावर सुनेत्रा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. परीक्षित भुग्यात उभा, हातात पोलादी पेटी, बाळ धरावं तशी. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हसायला लागली.

“हसू नकोस.”

“पुठ्ठा, परीक्षित! भिंतीचाही कॉलम नव्हता का एक्सेलमध्ये?”

“अगं, हसू नकोस म्हणतो ना…” पण त्यालाही फुटलं. पेटी खाली ठेवून तोही पायरीवर बसला. दोन दिवस छातीत धरून ठेवलेला श्वास दोघांनी त्या अरुंद जिन्यावर सोडला. त्या दिवशी सुनेत्रा दुपारी जेवून झोपली ती थेट पाचला उठली. लग्नानंतर पहिल्यांदाच अशी झोपली असेल.

पुढचे पाच आठवडे अगदीच निर्धास्त गेले असं नाही. पत्रपेटीची झडप वाजली की परीक्षित आधी धावायचा. पिझ्झाची पत्रकं, बँक, कौन्सिल. एप्रिलच्या अखेरीस एका शनिवारी जाड पाकीट आलं. त्याने ते न उघडता तिच्या हातात दिलं, हेही पहिल्यांदाच. सुनेत्राने परवाना उलगडला आणि यावेळी मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, बारीक अक्षरांतल्या अटींसकट. पॉइंट छत्तीस, ठासणीचं रिव्हॉल्व्हर, एक. तिने कागद टेबलावर सपाट केला आणि मोठा उसासा टाकला.

“चहा?” परीक्षितने विचारलं.

“टाक. आणि मंडळात कुणाला सांगायचं असेल तर मी सांगेन. सगळंच.”

“वैजयंतीकाकूंनाही?”

“त्यांना आधी. कोबी आणायचाय मला.”

मेच्या दुसऱ्या रविवारी परीक्षित तिच्याबरोबर खाणीत आला. दीड वर्षं तो तिला फाटकापाशी सोडायचा आणि गाडीत रेडिओ ऐकत बसायचा. आज आत आला. जिलने त्याला बाराचा आवाज अडवायला कानावर लावायचं जाडजूड यंत्र दिलं, ते त्याने उलटं लावलं. कुणीतरी हातात चहाचा मग दिला. शेडमध्ये लाकडी बाकावर सुनेत्रा आपलं नवं रिव्हॉल्व्हर पुसत होती. लांब नळीचं, सडपातळ, तिच्या मुठीत नीट बसणारं. पुढच्या तुकडीला अजून पाच मिनिटं होती. परीक्षित तिच्या शेजारी बसला. 

“हलकं आहे का?” त्याने विचारलं.

“तसं नाही. पण हिसका सौम्य.”

“मी उगीच भांडत होतो.”

“उगीच नाही. जिल म्हणते, स्पर्धेला चव्वेचाळीसच बरं. तुझे मार्क बरोबर होते.”

तो हसला नाही. तिच्या बोटांकडे बघत होता. ती एकेक कप्पा फिरवून बघत होती.

“सुनेत्रा.”

“हं.”

“लँग्रिजला तू म्हणालीस, आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही. तेवढंच म्हणालीस. मी दाराआड होतो.”

“माहितीय.”

“मला वाटलं पुढे बोलशील. की नवऱ्याने नको म्हटलं. तू तेव्हा दोनदा म्हणाली होतीस, अर्ज मागे घेऊया. दोनदा. मी नाही म्हटलं.” त्याने चहाचा मग बाकावर ठेवला. “पाच वर्षं मी त्या गोष्टीला थायरॉइड म्हणत आलो ना, ते तुझ्यासाठी नव्हतं. मला ऐकायचं नव्हतं म्हणून. आता विचारतो. तू मला माफ केलंयस का?”

बाहेर रेंज ऑफिसरने पुढच्या तुकडीला हाक दिली. बाकं सरकली, लोक उठले.

सुनेत्राने त्याच्याकडे पाहिलं. घाईने नाही, नीट पाहिलं. मग उठली, अंगातला कोट काढून त्याच्या मांडीवर ठेवला, त्याच्या कानावरचं उलटं यंत्र दोन्ही हातांनी काढून सुलटं बसवलं. स्वतःचं लावलं. दारूची कुपी, गोळ्यांची डबी आणि रिव्हॉल्व्हर उचललं आणि शेडच्या दारातून बाहेर, पांढऱ्या उन्हात, आपल्या जागेकडे चालत गेली.